बावीस महाशिवरात्री आणि एक फाइल

फाइलला नाव काय द्यायचं, एवढाच निर्णय मला घ्यायचा होता. घर, लग्न, नोकरी असले मोठे निर्णय आमच्याकडे मला कोणी विचारत नाही, म्हणून हा मी मोठ्या रुबाबात घेतला. आणि माती खाल्ली.

त्याचं असं झालं. आम्ही चिखलोलीला नवीन फ्लॅट घेतला आणि आईला शिवमंदिराजवळच्या जुन्या खोलीतून इकडे आणलं. तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी आली आणि पेटीत बावीस फोटो. अण्णा, म्हणजे माझे वडील हिंदुराव, दर महाशिवरात्रीला आम्हा सगळ्यांना जत्रेत न्यायचे आणि फोटोवाल्याच्या रंगवलेल्या पडद्यासमोर उभं करायचे. कधी ताजमहाल, कधी विमान. आत्या, मामा, त्यांची पोरं, जो हाताला लागेल तो फोटोत. मग घरी येऊन फोटोच्या मागे निळ्या शाईत लिहायचे, 'महाशिवरात्र, अंबरनाथ, सहकुटुंब.' साल नाही. विचारलं तर म्हणायचे, "साल कशाला? दरवर्षी जातोच की!" काय ऐट होती त्या 'जातोच की'ची!

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. आईला आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाली, "ते फोटो येकदा मोठे करून दाव. ह्यांचं तोंड मला आता बारीक दिसत न्हाई."

एवढंच मागणं. आणि मी तर पोटापाण्यासाठी दिवसभर जावास्क्रिप्टच लिहितो, तीही सर्व्हरवर चालणारी (नीट चालते की नाही, यावर मॅनेजरचं मत वेगळं आहे). म्हटलं, घरासाठी एक वेबसाइटच करू. फोटो स्कॅन करायचे, माझ्या प्रोग्रॅमनं ते क्लाउडवर ठेवायचे आणि वाढदिवसाला टीव्हीवर लावायचे. क्लाउडवर फाइली जिथे ठेवतात त्या जागेला बकेट म्हणतात.

"फोटू बादलीत?" आई दचकली.

"कोरडी असते गं."

या बकेटमध्ये प्रत्येक फाइलला नाव लागतं. तोच हा निर्णय. मी पडलो हळवा माणूस. ठरवलं, अण्णांनी फोटोमागे जे लिहिलंय तेच नाव. अण्णांचे शब्द थेट क्लाउडवर! बावीस फोटो, बावीस वेळा मी तेच टाइप केलं: महाशिवरात्र, अंबरनाथ, सहकुटुंब. बावीस वेळा डोळे भरून आले आणि बावीसपैकी एकदाही काही खटकलं नाही.

प्रोग्रॅम चालवला. बावीस वेळा 'अपलोड यशस्वी' आलं. एकही एरर नाही! माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं, तेव्हाच शंका यायला हवी होती. लॅपटॉपवर जागा कमी, म्हणून फोटो वर गेला की लॅपटॉपवरची प्रत आपोआप पुसली जावी, ही सोयसुद्धा मीच हौसेनं केली होती.

आणि कागदी फोटो? पुढच्या आठवड्यात वास्तुशांत होती. ज्या फोटोत जो नातेवाईक, तो फोटो त्याला रिटर्न गिफ्ट म्हणून देऊन टाकला. रिद्धी, माझी बायको, म्हणाली, "अरे, आधी साइट उघडून तरी बघ."

"बावीस वेळा यशस्वी आलंय! अजून काय बघू?"

आईनं एकेक फोटो पदरानं पुसून माझ्या हातात दिला. तिचा माझ्यावर विश्वास होता. ती इंजिनियर नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी मी थाटात टीव्ही लावला. पहिला फोटो आला. चार वर्षांचा मी, भोकाड पसरलेलं, पायातली चप्पल निसटलेली, आणि ती उचलायला अण्णा पाठमोरे वाकलेले. आई खुदकन हसली. "पुढचा लाव."

पुढचा. मी, भोकाड, अण्णांची पाठ.

तिसरा. भोकाड, पाठ.

"आरं, किती वर्सं रडत व्हतास?" आई म्हणाली. दहाव्या फोटोपर्यंत रिद्धी हसायची थांबली होती. पंधराव्याला आईनं हळूच विचारलं, "ह्यांचं तोंड कवा दिसायचं रे?"

मी टीव्ही बंद केला. गॅलरीत जाऊन ऑफिसातल्या अल्पेशला फोन लावला.

"सुयोग, सगळ्यांना एकच नाव दिलंस?" तो ओरडला. "भाई, बकेट विचारत नाही. त्याच नावाची नवीन फाइल आली, की जुनी गायब! तुझी साइट बावीस वेळा ती शेवटची एकच फाइल दाखवतेय. व्हर्जनिंग चालू होतं? जुन्या प्रती राखून ठेवतं ते?"

"नव्हतं."

"फिर तो खल्लास."

आत येऊन मी आईला खरं सांगितलं. ती रिकाम्या पेटीचं झाकण लावून बसली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी मुकाट्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'दिलेले फोटो कृपया एका दिवसासाठी परत द्यावेत.'

"दिलेली भेट परत मागतोस?" वेणूआत्याचा लगेच फोन. "हिंदुरावाचाच ना तू?"

बदलापूरच्या बाळामामांनी कळवलं, 'फ्रेम भिंतीत ठोकली आहे. भिंत आणू का?'

वाढदिवसाला सकाळी दहापासून बेल वाजायला लागली. सगळा गोतावळा हजर! प्रत्येकाच्या पिशवीत एक फोटो. मी हात पुढे केला, तर वेणूआत्यानं पिशवी छातीशी धरली. "तुझ्या हातात द्यायला नको, म्हणून तर स्वतः आले."

आईनं पलंगावर फोटो मांडले. भिंग घेऊन एकेकावर वाकली. काळ्या मिशीचे अण्णा, पिकल्या मिशीचे, चष्म्यातले, काठी टेकलेले. "आलं बघा समदं परत," ती अण्णांनाच म्हणाली. माझ्यासकट सगळे रडलो. वेणूआत्यानं तिचा फोटो फ्रेमच्या मापात कापला होता आणि त्यात माझा फक्त कोपर उरला होता, पण त्याचं कोणालाच दुःख झालं नाही.

मग रिद्धीनं लॅपटॉप घेतला (मला हात लावू दिला नाही). "आता प्रत्येकाला वेगळं नाव हवं. पण साल कुणाला आठवतंय?"

"साल कशाला?" आई म्हणाली. "ह्यो बघ, ह्या वर्साला सुयोग पाळण्यात वकला. ह्या वर्साला हरवला. हितं चड्डी फाटली. हितं फोटोवाल्याला चावला."

बावीस वर्षं, बावीस पराक्रम, एकासारखा दुसरा नाही. रिद्धी भराभर टाइप करत होती. सगळ्या फाइली वर गेल्या, कोणी कोणावर बसलं नाही. अण्णांच्या आठवणी आज क्लाउडवर माझ्या अब्रूच्या जोरावर सुखरूप आहेत.

शेवटी बाळामामांनी मोबाइलवर सगळ्यांचा फोटो काढला. मध्ये आई, मागे गोतावळा, कडेला मी.

"ह्याला काय नाव देऊ?" रिद्धीनं विचारलं.

"'समदे फोटू घालवले'," आई म्हणाली. मग क्षणभर माझ्याकडे बघून रिद्धीला म्हणाली, "आन् फुडं येक नंबर टाकून ठेव. त्यो परत करणारच."