खुर्ची हस्तगत करण्याची मोहीम

बसलेला माणूस पहारा देऊ शकत नाही, हे सुरक्षाशास्त्राचं मूलभूत तत्त्व आहे. कळंबोलीच्या आपल्या सोसायटीने ते सर्वसाधारण सभेत, बसून, समोसे खात शोधून काढलं. गेटवरची प्लास्टिकची खुर्ची त्याच दिवशी जप्त होऊन ऑफिसात कुलूपबंद झाली.

गेटवर सयाजी होते. साताऱ्याकडचे, निवृत्त नाईक. गुडघा सीमेवरच्या बर्फात कामी आलेला. (गुडघ्यावर चर्चा झाली नाही, तो विषयपत्रिकेवर नव्हता.) बारा तास उभं राहून तो इतका सुजे, की घरचा जिना ते बसून चढत. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं.

सुपरवायझर नंदकिशोर त्यांच्याच पलटणीतले निवृत्त सुभेदार. दोघांनी खुर्ची चोरायचं ठरवलं. पंपरूमच्या मागे लपवायची आणि अधूनमधून टेकायचं, एवढाच बेत. नवी आणता आली असती. पण आत येणाऱ्या सामानाची गेटवर नोंद लागते आणि खोटी नोंद सयाजींना जमत नाही. चोरीला नोंद लागत नाही.

भागीदारी पहिल्यापासून अवघडलेली. सुभेदारांना नकाशा, टेहळणी आणि माघारीचे दोन मार्ग हवे होते. सयाजींचं म्हणणं, ऑफिस समोरच दिसतंय. शेवटी हुद्द्याप्रमाणे नकाशा काढला गेला.

दुपारी सोसायटी जेवून आडवी झाली. सुभेदारांनी गेट सांभाळलं. सयाजींनी कुलूप तोडून खुर्ची बाहेर काढली. मोहीम फत्ते. मग त्यांच्या लक्षात आलं, की ऑफिस आता उघडं आहे आणि आत सगळ्यांची कागदपत्रं आहेत. ते दाराशी पहाऱ्यावर उभे राहिले. सुभेदारांनी लांबून खुणा केल्या, मग शिव्या दिल्या. पण बदली आल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. स्वतः बदलीला जावं, तर गेट कोणाच्या हवाली करायचं?

संध्याकाळी सेक्रेटरी मिथुन खाली उतरले.

"काका, चोरी केली तर पळायचं ना?"

"कुलूप तोडलंय साहेब. उगडं टाकून कसं जाऊ?"

"मग निदान बसायचं तरी. खुर्ची आहे ना बाजूला."

"ड्यूटीवर हाय, साहेब."

मिथुनना वाईट वाटलं, अगदी मनापासून. त्यांनी तातडीची सभा बोलावली. चोरी माफ झाली. सयाजींच्या कर्तव्यनिष्ठेच्या कौतुकाचा ठराव एकमताने मंजूर झाला. गुडघ्याचा विषय याही वेळी पत्रिकेवर नव्हता. खुर्चीला साखळी घालायचं मात्र आयत्या वेळच्या विषयात ठरलं.

सयाजी दाराशी उभे राहून ऐकत होते. टाळ्या तुम्हीही वाजवल्यात. दुसऱ्या रांगेत, छान टेकून बसला होतात.