लंडनला जाणारी पुण्याची गाडी

सम्राट साळवेला त्या निबंधातून काय काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. पुण्यात दोन दिवस फुकट राहणं, जेवणात रोज गोड, प्राध्यापकांसमोर दहा मिनिटं बोलायला माईक, आणि छापील प्रमाणपत्र. मलाही तेच मिळणार होतं, फक्त माईक सोडून. कारण बोलायचं म्हटलं की माझा घसा एसटीच्या हॉर्नसारखा होतो, वाजला तर वाजला!

साल सत्त्याण्णव. आम्ही दोघे नगरच्या कॉलेजात संज्ञापनशास्त्र शिकत होतो. संज्ञापन म्हणजे माणसं एकमेकांना काय सांगतात आणि कसं सांगतात त्याचा अभ्यास. पुण्याला त्याची परिषद भरणार होती आणि विद्यार्थ्यांचेही निबंध मागवले होते. आमचा विषय जबरदस्त होता : गावात बातमी कशी फिरते! एक खोटी बातमी कोल्हारला सोडायची आणि ती देवळालीला कधी, कशी पोचते ते टिपायचं. कोल्हार सम्राटचं गाव, देवळाली प्रवरा माझं.

"खोटी बातमी दुसऱ्या कुणाबद्दल नको," आमचे वाकचौरे सर म्हणाले. "कुणाचं नुकसान नको. स्वतःबद्दलच सोडा."

"सोप्पंय सर," सम्राट म्हणाला. "मला शिकायला लंडनला बोलावलंय म्हणून सांगतो. त्यात कुणाचं काय जाणार?"

मीही मान डोलावली. अशा ठिकाणी माझी मान फार तत्पर असते.

बाजारच्या दिवशी सम्राटने ही बातमी फक्त भाजीवाल्या रंगुबाईंना सांगितली, तीही "कुणाला सांगू नका" असं बजावून. मी देवळालीला आमच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. दिवस मावळायच्या आत बातमी आली. आणली कुणी? आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी! उसाला पाणी देऊन आले आणि चपला काढायच्या आधीच सुरू झाले.

"गहिन्या, कोल्हारच्या त्या तुझ्या दोस्ताला लंडनच्या राणीनं बोलावलंय. आन् तू? ओट्यावर बसून माशा मोज!"

कोल्हारहून निघताना बातमीत राणी नव्हती. ती वाटेत कुठेतरी चढली असावी. मी आनंदाने लिहून घेतलं. शिव्याही लिहून घेतल्या.

निबंध पुण्याला गेला. उत्तर आलं : निवड झाली! पण एक अट होती. वाचण्याआधी गावाला खरं सांगून यायचं. लोकांना फसवलेलं ठेवून अभ्यास करणं बसत नाही.

आता गंमत बघा. पोस्टमनने पाकिटावरचा पुण्याचा शिक्का सगळ्यांना दाखवला, तर लोक म्हणाले, "लंडनचं टपाल पुन्यावरनंच येतंय!"

सम्राट तडक रंगुबाईंकडे गेला. मी सोबत होतोच.

"रंगुबाई, मी कुठं चाललो नाही. कॉलेजच्या अभ्यासासाठी खोटं सांगितलं होतं."

रंगुबाईंनी मेथीची जुडी झटकली. "व्हय व्हय. दृष्ट लागंल म्हनून लपवतोस! शहाना हाय बाबा. मी न्हाई कुनाला सांगत."

संध्याकाळी गावभर झालं : पोरगं किती साधं! लंडनला चाललंय, पन म्हनतंय जात न्हाई!

दुसऱ्या दिवशी त्याने चौकात उभं राहून मोठ्याने सांगितलं. ते आप्पासाहेबांच्या कानावर गेलं ते असं की, कुणीतरी त्याचं जाणं अडवलंय. आप्पासाहेब म्हणजे गावचे बडे बागायतदार. त्यांनी निरोप धाडला, "कोन अडवतो बघतो. तहसीलवर मोर्चा नेऊ!" मोर्चाच्या भीतीने सम्राट गप्प बसला.

पण खरी पंचाईत घरात होती. सम्राटची आई चांगुणाबाई मजुरीला जायच्या. भिंतीवर बाबासाहेबांचा सुटातला फोटो. त्या घरात 'लंडन' हा शब्द म्हणजे काय, ते सम्राट बातमी सोडताना विसरला होता. ती कळल्या दिवशी चांगुणाबाईंनी फोटोसमोर मेणबत्ती लावली होती. सगळी गल्ली येऊन बसली होती. आता त्या मेणबत्तीला फुंकर कोण मारणार?

"गहिन्या, तू सांग ना आईला," सम्राट म्हणाला.

"मी? माझा घसा बसलाय."

निघायच्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून सांगायचं ठरवलं. तोंड उघडतो तेवढ्यात दारात आप्पासाहेब! मागे अर्धं गाव, शाल, नारळ आणि लग्नातला ताशा. आप्पासाहेब त्या गल्लीत फक्त मतं मागायला यायचे, तेही उभ्या उभ्या. चहा म्हटलं की त्यांना ॲसिडिटी असायची. त्या दिवशी ते खाटेवर मांडी घालून बसले. चांगुणाबाईंनी चहा पुढे केला. त्यांनी घेतला. बशीत ओतून फुंकर मारत, सावकाश, अख्खा कप! ॲसिडिटी कुठे गेली कोण जाणे.

त्यांचं पिणं चालू असतानाच सम्राट पुढे सरकला. "आई, मला तुला एक..."

"गप बस," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. "पाहुनं चहा पितंय."

मग मिरवणूक स्टँडवर. कुणी लोणच्याची बरणी दिली, कुणी कुरडया, कुणी तीळ-शेंगदाण्याची चटणी. आप्पासाहेबांनी सम्राटच्या अंगावर शाल पांघरली आणि कानात सांगितलं, "तिथं ऊस लावत्यात का ते बघून ये."

गाडीवर पाटी होती 'पुणे'. ती वाचून कुणी थोडंदेखील दचकलं नाही! कंडक्टर आला. सम्राट खिडकीकडे तोंड करून पुटपुटला, "पुणे. दोन." कंडक्टर हळहळला, "लंडनपर्यंतचं आपल्यात फाटत न्हाई, दादा."

परिषदेत सम्राटने सगळं खरं सांगितलं : खोटी बातमी संध्याकाळच्या आत देवळालीला गेली. खरी मात्र आम्ही स्वतः चौकात उभी केली, तरी जागची हलली नाही. प्राध्यापक पोट धरून हसले आणि टाळ्याही वाजवल्या. लोणचं त्यांना फार आवडलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही चोरासारखे मागच्या बोळातून सम्राटच्या घरी शिरलो. लंडन दोन दिवसांत उरकलं, हे कुणाला कसं सांगायचं?

चांगुणाबाई भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "झालं का पुन्याचं?"

सम्राटचं तोंड उघडंच राहिलं. "आई, तुला माहीत होतं?"

"लंडनला जानारा माझी बाजाराची पिशवी घिऊन जातो व्हय रं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलनार हुते." भाकरी तव्यावर पडली. "पन आप्पासाहेब बसला हुता. कप हातात हुता. अर्धा प्यायचा राह्यला हुता."

सम्राटने ती पिशवी हळूच खुंटीला अडकवली.

"आता गावाला काय सांगू?" शेवटी सम्राटने विचारलं.

"तू कायबी सांगू नको. तुला सांगता येत न्हाई." त्यांनी पदराला हात पुसले, घागर घेतली आणि नळावर गेल्या. नळावर रंगुबाई होत्या. चांगुणाबाई एवढंच म्हणाल्या, "त्यानं कशाला यवढ्या लांब जायचं? लंडनचीच मानसं पुन्याला येऊन त्याचं ऐकून गेली. कुनाला सांगू नको."

मी जेवलो आणि पुढच्या गाडीने देवळालीला गेलो. ओट्यावर दादा वाटच बघत होते.

"त्याचं ऐकायला लंडन पुन्याला आलं, गहिन्या! आन् तू सोबत असून तुला कुनी बोल म्हनलं न्हाई?"

बातमी गाडीच्या आधी पोचली होती! आमच्या निबंधातला विक्रम चांगुणाबाईंनी एका घागरीत मोडला.

तर हिशोब असा. सम्राटला टाळ्या मिळाल्या. वाकचौरे सरांचं नाव निबंधावर सगळ्यात वर छापलं गेलं. आप्पासाहेब आजही सांगतात, पोराला लंडनला मीच पोचवला. आणि त्या गल्लीत आले की त्यांना चहा घ्यावाच लागतो, कारण आता नाही म्हणायला ॲसिडिटी उरली नाही. चांगुणाबाईंनी तो कप वेगळा ठेवलेला नाही. रोजच्या वापरात आहे.

फेड तेवढी मी करतोय, रोज, ओट्यावर. एकदा न राहवून दादांना सगळं खरं सांगितलं, राणीपासून लोणच्यापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "गहिन्या, दोस्तावर जळू नये."