बिनआवाजाची मोटार

इंदुताई सकाळीच मोटारीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या, तेव्हा मोटारीचं निम्मं इंजिन अंगणात होतं. अंगावर नवं लुगडं, मांडीवर भाचीच्या लग्नाचे लाडू, आणि मिस्त्र्याची नजर नको म्हणून समोरच्या काचेवर चादर.

"पुली निंगून नाई राह्यली," त्यांचे यजमान गुणवंतराव म्हणाले. "उतर जराशी."

"कुंकू लावून घराबाहेर पडली मी. आता पाय माहेरीच टेकन."

माहेर कुरखेड्याला, दोन कोसांवर. लग्नाला मोटारीनं येईन, असं त्यांनी भावजय गुणाबाईला दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. गुणाबाई नुसती हसली, आणि काल मुखरू गाडीवानाबरोबर तिनं बैलबंडी पाठवून दिली. "लागंन तं असू द्या." बंडी अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली उभी होती. इंदुताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुली म्हणजे इंजिनाच्या नाकावरचं लोखंडी चाक. तिच्यामागून तेल गळत होतं. ती काढायची म्हणून ब्रह्मपुरीच्या लियाकत मिस्त्र्यानं रेडिएटर काढला, पट्टा काढला, नट काढला. निघण्यासारखं सगळं निघालं. पुलीला रॉकेल पाजलं, शेक दिला, समजावून पाहिलं.

"पुरानी शादी है, भाऊ," लियाकत म्हणाला. "ऐसे नाई छोडती."

मुखरू बिडी ओढत बसला होता. "बैल लावून पाहा ना. सागाची लाकडं ओढतेत माहे बैल."

लियाकतला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून त्यानं होकार दिला. मोटारीचा मागचा बंपर मोहाच्या बुंध्याला बांधला, पुलीला दोराचा फास घातला, दोर जुवाला. मोहाची फुलं टपावर पडत होती. त्या वासानं इंदुताईंचा डोळा लागला.

बैलांनी जोर केला. पुली हलली नाही. मोहही हलला नाही. मग मागे काहीतरी कडाडलं, आणि बंपर झाडापाशी ठेवून उरलेली मोटार रस्त्याला लागली.

"थांबव," गुणवंतराव धावत म्हणाले.

"घराकडं तोंड झालं का थे माह्यं आयकत नाई," मुखरू म्हणाला.

गुणवंतराव कसेबसे चढून स्टिअरिंगवर बसले.

"सुरू झाली काहो?" मागून झोपाळू आवाज आला.

"हो."

"आवाज नाई येऊन राह्यला."

"दुरुस्त केली ना."

रस्ता सागवनातून जात होता. चादरीतून गाळून आलेला पिवळा उजेड इंदुताईंच्या लुगड्यावर सांडला होता. खुरांखाली वाळलेली पानं चुरत होती, मधूनच ढवळ्या बैलाच्या गळ्यातली घंटी किणकिणायची. गुणवंतराव मान बाहेर काढून बैलांच्या शेपट्यांच्या अंदाजानं स्टिअरिंग फिरवत होते. मागून लियाकत पाना खांद्यावर टाकून वरातीत चालल्यासारखा येत होता. हळूहळू गुणवंतरावांना वाटायला लागलं की मोटार आपणच चालवतो आहोत. एका वळणावर त्यांनी भोंगा वाजवला. रानकोंबडी बाजूला झाली.

कुरखेड्याच्या तलावाच्या पाळीवर बैल पाणी प्यायला थांबले, तेव्हा कुठे मुखरूला दोर सोडता आला. तिथून गुणाबाईच्या दारापर्यंत उतारच. मोटार ढगासारखी घरंगळली आणि मांडवासमोर टेकली.

गुणाबाई पायावर घालायला पाणी घेऊन बाहेर आली, ती तशीच उभी राहिली. "इंदुबाई, आवाजबी नाई इचा."

"हलक्या मोटारी खडखडतेत," इंदुताई उतरता उतरता म्हणाल्या.

मांडवात शिरताना त्यांनी नवऱ्याला हळूच थांबवलं. "अजी, जातानीबी अशीच चालवा. धक्का नाई, धूर नाई. बंडी तं आपल्याचकडं राह्यली, बैल थे न्याले यायचेच आहेत. फक्त ढवळ्याची घंटी काढून घेजा. माह्या बाबाच्या हातची हाये थे. झोपेतबी वळखू येते."

गुणवंतराव काही बोलणार, तोच लियाकत हसत आला. त्याच्या हातात दोर होता, आणि दोराला लोंबकळत पुली.

"निकल गई, भाऊ. हात लगाया और आ गई."

गुणवंतरावांनी आधी बायकोच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे पाहिलं, मग तलावावरून परतणाऱ्या बैलांकडे.

"लियाकतभाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "परत बसव. अन् चांगली ठोकून बसव."