चाकाखालचा दगड

चुलीला तिसरा दगड मिळेना, म्हणून मी घराच्या चाकाखालचा काढला. हसा, हसा. घराला चाकं आहेत एवढंही लक्षात राहू नये इतकी मी तेव्हा शहाणी होते; नववी पास, वर कारकुनाची बायको!

घर अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे चुलत सासरे, औसा रोडला त्यांचं वेल्डिंगचं शेड. लातूर नुकताच जिल्हा झालेला. हापिसं आली, साहेब आले, आमच्यासारखे कारकून आले. पाणी तेवढं यायचं राहिलं. भाड्यानं खोली मिळेना. अण्णा म्हणाले, "माझ्या गाडीत ऱ्हावा. मी भाईर झोपतो."

अण्णा ट्रेलर बांधायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बंद पडलेल्या जीपा लादून आणायला बुटके सपाट ट्रेलर. आणि एक स्वतःपुरता: दोन चाकांवर पत्र्याची खोली, खिडकी, फळीचा पलंग. पलटणीत असताना साहेब लोकांचा मुक्काम असल्या गाडीत पाहिला होता म्हणे. "हितलं पाणी सपलं की घरासकट निघायचं," म्हणायचे. निघाले कधीच नाहीत.

उभ्या चाकावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पोस्टमन सायकल लावून पत्र काढेपर्यंत अण्णा दगड घेऊन हजर. "चाक हाय बाबा, त्याचा काय भरवसा?" माणसंही ते चाकांवरच मोजायचे. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तू दोनचाकी. म्होरं कुणी धरलं तरच उभा." मी हौसेनं विचारलं, "आणि मी?"

"तुला अजून चाकं बसायची हायेत, सूनबाई."

मी आठ दिवस फुगून बसले.

त्या सकाळी रॉकेल संपलं होतं. दोन दगड सापडले, तिसरा चाकाखाली आयता मिळाला. चूल पेटवली, माझ्या तान्ह्या पोरीला आत फळीवर निजवलं आणि खाली उतरले. मागं करकर वाजलं. वळून बघते तर गाडी उताराला लागलेली. उताराच्या टोकाला अण्णांची विहीर. कोरडी, खोल, कठडा नसलेली. आणि गाडीत माझी पोर.

पळत जाऊन खिडकीची चौकट धरली, तर गाडी मलाच फरफटत नेऊ लागली.

"सोड! बाजूला हो!"

अण्णा शेडातून घण घेऊनच धावत आले. गाडीच्या पुढच्या दांडीखाली टेकूचं एक लहान चाक होतं, त्यावर त्यांनी दणका घातला. चाक उडालं. दांडी नांगरासारखी जमिनीत घुसली आणि अण्णा तिच्यावर आडवे पडले. माती उकरत गाडी घसरत राहिली. थांबली तेव्हा मागची बाजू विहिरीच्या काठावर होती.

आतून पोर कोकलली. मी दार उघडून तिला छातीशी धरलं आणि तिथंच बसले. अण्णांचा पाय दांडीखाली चेंगरला होता. शेजारच्या गॅरेजवाल्यांनी दांडी उचलून तो सोडवला. आता हा माणूस आमची भांडी रस्त्यावर फेकणार, हे मी धरूनच चालले होते. निदान त्यांना रडणं तरी ऐकू येऊ नये म्हणून मी पोरीचं तोंड पदराखाली घेऊ लागले.

अण्णा लंगडत जवळ येऊन बसले. रक्ताळलेल्या पायाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"उगी करू नको तिला, सूनबाई. रडू दे. तुमी येईस्तवर ह्या गाडीत माझ्याबिगर कुणी रडलं न्हाई."