मोतीरामभाऊंनी पुन्हा हशा पिकवला

लोकांना हसवणाऱ्या माणसाने गंभीर बोलू नये, आणि बोललाच तर ते छापू नये, हा पत्रकारितेचा मूलभूत नियम आहे. आमच्या भागातले आम्ही पाचही वार्ताहर तो कसोशीने पाळतो.

डोणगावच्या अलीकडे आमचं गाव. चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर विसराळू पोस्टमन होऊन घराघराला हसवणारे मोतीरामभाऊ इथंच राहतात. गेल्या वर्षभरात त्यांच्यावर एकवीस बातम्या आल्या आणि एकवीसही बातम्यांत त्यांनी हशा पिकवला. (मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या बातमीतसुद्धा. तिथं नर्सबाईंमध्ये पिकवला.)

आमची पद्धत सोपी आहे. पेपरचं पान छपाईला लवकर लागतं, म्हणून कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच पाठवायची. ती मी लिहितो, बाकीचे चौघे वरचं नाव बदलतात. यालाच स्वतंत्र आणि निर्भीड पत्रकारिता म्हणतात.

भाऊंच्या पंचाहत्तरीच्या सत्कारालाही तसंच केलं. बातमी दुपारीच गेली. संध्याकाळी भाऊ माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मले शाल नोका देऊ बाप्पा. आपल्या दवाखान्यात सहा महिन्यांपासून डॉक्टर नाही. माही बायको सोजरा दम्यानं बेजार हाये. तेवढं पेपरात छापा, हात जोडतो."

मंडपात एकही जण हसला नाही. हशा तर छापायला गेलेला! आता वाचकांची फसवणूक करायची की काय? शेवटी तत्त्वाला जागून आम्ही पाचही जण पहिल्या रांगेत खो-खो हसलो. आमचं बघून मंडप हसला. प्रमुख पाहुणे तर डोळे पुसू लागले.

"काऊन हसता बे?" भाऊ ओरडले. त्यावर टाळ्याच पडल्या.

सकाळी सोजराबाईंनी धापा टाकत पेपर अथपासून इतिपर्यंत वाचला.

"आलं का डॉक्टरचं?" भाऊंनी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या, "पन फोटो चांगला आला तुमचा."

आठव्या दिवशी त्या गेल्या.

मी भाऊंच्या घरी बसायला गेलो. खरं सांगतो, लाज वाटली. तोंड वर करवेना. म्हणून घरी येऊन त्यांच्या त्या भाषणाचा मी काढलेला व्हिडिओ मोबाइलवरून सगळीकडे पाठवला. काटछाट नाही, मथळा नाही, ‘सोजराबाई वारल्या’ एवढीच ओळ वर लिहिली. म्हटलं, वाचक सुज्ञ असतो.

चाळीस हजार जणांनी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. खाली तुमच्या नावासमोर तीन हसरे चेहरे आहेत.