लिपोवात्सचा अधिकृत परदेशी

कुठल्याही राष्ट्राला वर्षातून एकदा मैदानावर जमून, झेंडे नाचवून, आपण राष्ट्र आहोत याची खात्री करून घ्यावी लागते. पण ती पटली की नाही, हे घरच्या माणसाने सांगून भागत नाही. त्याला परकाच लागतो, तोही नाक मुरडणारा.

सर्बियातल्या लिपोवात्स गावाने ही सोय चोख करून ठेवली होती. राष्ट्रीय शालेय खेळांचं उद्घाटन दर शरदात तिथे होई. मशाल, मंत्र्यांचं भाषण, कबुतरं (यंदा तीनच, बाकीची भाषण सुरू होताच स्वेच्छेने गेली) आणि शेवटी, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, परदेशी रहिवाशाचं परखड मत.

हे पद टोर्बेनकडे होतं. तो मूळचा डेन्मार्कचा, गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेला. पहिल्याच हिवाळ्यात तो घराच्या समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकून झोपला. आरपार वाऱ्याने मान आखडते, मूत्रपिंडं गारठतात, हे तिथलं तान्हं पोरही जाणतं. गावाने त्याला त्याच सकाळी परदेशी म्हणून एकमताने मान्यता दिली.

पदाला पगार नव्हता, पण थाट होता: पहिल्या रांगेत खुर्ची, गुडघ्यांवर घोंगडी, न मागता भरणारा राकियाचा, म्हणजे तिथल्या फळांच्या कडक दारूचा, पेला. एका वर्षी त्याने बँडला बेसूर म्हटलं, तर जमिनीवरून भांडणारे भाऊसुद्धा एकत्र बसून त्याला शिव्या देऊ लागले. (न्हाव्याच्या दुकानातल्या पाहणीनुसार त्या आठवड्यात भाऊबंदकीत निम्म्याने घट.) राष्ट्रीय ऐक्य इतकं स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

यंदा मात्र समितीचे अध्यक्ष स्व्हेतोझार घुश्शात होते.

"गेल्या वर्षी काय लिहिलंस, टोर्बेन? 'नृत्य बरं होतं'? अरे, लोकांनी संतापायचं कशावर? यंदा असलं मिळमिळीत चालायचं नाही. नाहीतर माझा मेव्हणा आहेच."

"तुमचा मेव्हणा परदेशी कुठाय?"

"व्हिएन्नात राहून आलाय. वागतो तरी तसाच!"

टोर्बेनने मनाशी हिशेब केला. खुर्ची गेली तर उरणार काय? नुसता इंग्रजीचा मास्तर!

म्हणून उद्घाटनाला तो डोळ्यांत तेल घालून बसला. क्रीडागृहाच्या पूर्वेच्या दारातून मशाल आली. तेवढ्यात मंत्री उशिरा पोचले, म्हणून पश्चिमेचं दारही उघडलं. मध्ये नाचून घामाघूम झालेली पोरं, पातळ कपड्यांत. टोर्बेनच्या मानेवर सर्रकन काटा आला आणि त्याला विषय सापडला.

दुसऱ्या दिवशी छापून आलं: "हा समारंभ रानटी होता. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी! ओल्या पाठींतून आरपार वारा! या देशात आया उरल्या नाहीत का?"

समिती संतापाची वाट बघत बसली. संताप येईना. न्हाव्याच्या दुकानात लोक माना हलवून म्हणाले, "खरंय हो त्याचं." दुपारी शेजारच्या देसांकामावशी राकियाची बाटली घेऊन टोर्बेनकडे आल्या. प्यायला नाही, चोळायला.

"मान दे इकडे. काल वाऱ्यात बसलास आणि मफलर कुठाय? आमच्या लेकराला काही कळतच नाही बाई!"

आमच्या! हा शब्द ऐकायला टोर्बेनने उमेदीची सारी वर्षं घालवली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं (थोडं राकियानेही).

मागोमाग स्व्हेतोझार आले. "संपलं, बाबा. घरच्या माणसाचं मत कोण ऐकतं? पुढच्या वर्षी तू पश्चिमेचं दार धरून उभा राहा. खुर्च्याही तूच लाव. आपलाच आहेस, तुला काय विचारायचं?"

तर पद रिकामं आहे. (मेव्हणाही वगळला गेला, खिडकी लावा म्हणाला.) उमेदवार दूर देशचा हवा. समारंभ त्याने पाहिलेला नसला तरी त्याला हसू यायला हवं, आणि आपल्या देशात मंत्री वेळेवर येतात, असं परक्यांसमोर तरी त्याने ठासून सांगावं.

तुम्ही इथवर हसत आलातच. अर्ज नको. घोंगडी पाठवली आहे.