मधोमध कढीपत्ता

माणसाने निसर्गाला शिस्त लावली आणि तिथूनच संस्कृतीला सुरुवात झाली, असे मी शाळेत इतिहास शिकवताना मुलांना सांगतो. ते काम पुन्हा एकदा पहिल्यापासून करणारा माणूस मी स्वतः पाहिला आहे. स्थळ : अक्कलकोट रोडजवळची आमची वस्ती, शेजारचे परस, लांबी तीस फूट, रुंदी वीस फूट.

माणसाचे नाव नरसय्या मास्तर. तीस वर्षे ते एका मिलमध्ये चादरींची डिझाइन्स काढत होते. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे, त्यावरून मागाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पडायची, आणि मागावर गुलाब उमलायचा. या हिशेबाने मास्तरांनी आयुष्यात लाखभर फुले काढली असतील. लावले एकही नव्हते.

निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात ते एक गुंडाळी घेऊन आमच्याकडे आले.

“नवी चादर का मास्तर?” मी विचारले.

“परस हाय सर. पण चादर म्हणा की. आधी काठ, मग जमीन, मधोमध मोठं फूल, चार कोपऱ्यांना चार कोयऱ्या. परस म्हंजे येगळं काय असतंय?”

“पण यात अर्धंच परस आहे.”

“अर्धंच काढायचं असतंय. उरलेलं अर्धं माग उलटं करून घेतो.”

“परसाला माग कुठला?”

“मी हाय की!”

त्या दिवसापासून परसात सगळे जोडीने येऊ लागले. डावीकडे लिंबू, उजवीकडे लिंबू. डावीकडे मिरचीचा वाफा, उजवीकडे मिरचीचा वाफा. काठाला झेंडू, तोही दोरी धरून, वीत मोजून. एखादे रोप दोन बोटे सरकून उगवले की मास्तर “धागा सुटला!” म्हणत आणि ते उपटून टाकत. आमच्या भागात नळाला एक दिवसाआड पाणी. लोक आंघोळीचे पाणी झाडांना घालत. मास्तरही घालत, पण एक तांब्या डावीकडे, एक तांब्या उजवीकडे. शेवटचा तांब्या अर्धाच भरला तर तो वाटून.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते. तिने कागद पाहून एकच प्रश्न विचारला होता, “भांडी कुटं घासू?”

“डिझाइनमधी भांडी नसत्यात.”

अक्काने तीन दिवस खरकटी भांडी परसाच्या दारात, बरोबर मधोमध, रचून ठेवली. चौथ्या दिवशी डावीकडे एक दगड आला. उजवीकडेही आला.

“ह्या दुसऱ्या दगडावर काय करायचं?” अक्काने विचारले.

“कायबी न्हाय. त्यो जोडीला हाय.”

पुढे एका शेळीने कुंपणातून तोंड घालून डावीकडची मेथी खाल्ली. मास्तर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी उजवीकडची मेथी स्वतःच्या हाताने उपटली. “आता बरोबर झालं,” म्हणाले. त्या रात्री दोन्ही घरांत मेथीची भाजी होती.

अडचण एकच उरली होती, ती म्हणजे कढीपत्त्याचे झाड. ते अक्काने वीस वर्षांपूर्वी लावलेले, आमच्या सामाईक भिंतीला टेकून. त्याला जोडी नव्हती, आणि त्या वयाची मिळणारही नव्हती. झाडाखाली अक्का पालथ्या बादलीवर बसत असे आणि भिंतीच्या या बाजूला आमची आई उभी राही. अक्काचे मराठी तेलुगूच्या वळणाचे, आईला तेलुगूचे चार शब्द येणारे. तासन्‌तास काय बोलत, देव जाणे. मधूनमधून अक्काचे हसणे मात्र आमच्या पुढच्या दारापर्यंत ऐकू येई.

एका रविवारी मास्तरांनी कुऱ्हाड आणली.

“तोडा की,” अक्का म्हणाली. “बाग तुमची हाय.” आणि आत निघून गेली. आईही भिंतीशी गेली नाही. आमच्याकडे दोन दिवस आमटीला कढीपत्ता नव्हता आणि आईने आमटीबद्दल एक शब्दही ऐकून घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला भिंतीशी हाक मारली. कुऱ्हाड झाडाला टेकवलेली होती, झाड शाबूत.

“सर, तीस वर्सं मागांच्या आवाजात काढली. घरी आलो तरी कानात तेच, खटाखट, खटाखट. अक्का हसती, हे मला रिटायर झाल्यावर कळलं.”

मी भिंतीशी आणखी जवळ सरकलो.

“दोन दिवस बघायलोय. सैपाकघरात हसत न्हाय. पुढच्या दारात न्हाय. काल मी एक गंमत सांगून बघितली, तरी न्हाय.” त्यांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. “हितंच हसती. जागाच ती हाय.”

“मग डिझाइनचं काय?”

त्यांनी कागद उलगडला. डिझाइन नव्याने काढलेले होते. “झाड मधोमध धरलं.”

“पण मास्तर, झाड मधोमध धरलं तर अर्धी बाग...”

“तुमच्याकडं येती. त्येच विचाराय आलो. मधली भिंत धरू नका.”

कागदावर आमच्या परसातले कोळशाचे पोते गेले होते आणि तिथे झेंडू आला होता. मी सामाईक भिंत, मालकी हक्क वगैरे शब्द जुळवत होतो, तोवर मागून आई म्हणाली, “येऊ दे की. नाहीतरी आपल्याकडं काय हाय?” आणि भिंतीपलीकडे बघून तिने हाक मारली, “अक्का, बादली आणा!”

आता कढीपत्ता मधोमध आहे. आमच्याकडेही लिंबू आहे, कोथिंबिरीचा वाफा आहे, झेंडूचा काठ आहे, आणि काहीही न करण्याचा एक दगड आहे. दुपारी अक्का हसली की मास्तर त्यांच्या ओसरीवर कागद बाजूला ठेवून नुसते बसलेले दिसतात.

परवा शेळीने त्यांची कोथिंबीर खाल्ली. मास्तर सकाळी सातला विळा घेऊन आमच्या दारात हजर होते.